खापरपणजोबा हवेत, गुरुवारपर्यंत

पूर्वजांची आठवण मराठी माणसाला साधारण चार प्रसंगी होते. एक, ज्योतिषी सांगतो की कुलदैवताचं काहीतरी राहिलंय, आणि कुलदैवत कोणतं हेच घरात कुणाला सांगता येत नाही. दोन, गावाशेजारून महामार्ग जाणार अशी बातमी येते आणि आजवर ‘आमचं तिकडे काही नाही हो’ म्हणणाऱ्यांना सातबाऱ्यावरचे पणजोबा आठवतात. तीन, मुलाचा प्रवेश नक्की होतो आणि जातपडताळणीसाठी वंशावळीचं शपथपत्र लागतं. चार, न्यू जर्सीतल्या नातवाला शाळेत घराण्याचं झाड काढून आणायला सांगतात.

प्रसंग कोणताही असो, फोन एकाच माणसाला जातो. प्रत्येक घराण्यात असा एक गृहस्थ असतो. बँकेतून, वीज मंडळातून किंवा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेला. मुलाने सोडून दिलेला लॅपटॉप त्याच्याकडे असतो, पलंगाखाली फायलींची ट्रंक असते. त्याला या कामावर कुणी नेमलेलं नसतं. कधीकाळी एका कुलसंमेलनात, जेवणाची पंगत उठता उठता, तो एवढंच म्हणालेला असतो, ‘आपल्या यादीत दोन-तीन चुका आहेत.’ तीच त्याची नेमणूक. तिला पगार नाही, सुट्टी नाही आणि राजीनामा स्वीकारणारा कुणी नाही.

आमच्याकडे हे पद अण्णांकडे आहे. मी त्यांचा मदतनीस, म्हणजे फायली उतरवणारा, स्कॅन करणारा आणि अण्णा फोनवर बोलताना त्यांचा चेहरा पाहणारा. या शेवटच्या कामात मी जे शिकलो ते आज मांडतो आहे. लग्नात कुणाच्या पाया आधी पडायचं याचे आपल्याकडे नियम आहेत, पण विनामूल्य काम करणाऱ्या माणसाकडे आपले पूर्वज कसे मागावेत, याबद्दल एकही शास्त्रवचन नाही.

पूर्वी याची गरजच नव्हती, कारण पूर्वी हे काम फुकट नव्हतं. कोल्हापूर, सांगलीच्या बाजूला सुगी संपली की हेळवी दारात यायचे, अजूनही येतात. ते ओट्यावर बसून घराण्याच्या पिढ्या धडाधड म्हणून दाखवत. त्याबद्दल धान्य द्यायचं, कपडा द्यायचा, ऐपत असली तर एखादं वासरू द्यायचं. हेळव्याला ‘जरा सगळं पाठवून द्या ना’ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. नाशिकला, त्र्यंबकला, काशीला, गयेला गेलात तर तीर्थोपाध्ये आधी गाव विचारतात, मग आडनाव, आणि थोड्या वेळाने तुमच्या आजोबांच्या आजोबांची सही तुमच्यापुढे उघडतात. गुरुजींची दक्षिणा असतेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते तुम्हाला तसं सोडत नाहीत. वही तुमच्याकडे सरकवतात. मुलांची नावं लिहा, भावांची लिहा, कोण कधी गेलं ते लिहा, खाली सही करा. घेतलंत तेवढं द्या, हा सगळा व्यवहार. चारशे मैलांवरून आलेला अनोळखी यजमानही तिथे शहाण्यासारखा वागतो, कारण आपण काय द्यायचं हे त्याला ठाऊक असतं.

अण्णांनी दक्षिणा घेणं नाकारलं आणि तिथेच सगळा घोळ झाला. जे फुकट मिळतं ते आपोआप तयार होतं, असा आपला समज आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून एकेका घराण्याने आपले कुलवृत्तांत छापले, त्यामागे कुणीतरी गावोगाव कार्डं पाठवली, धर्मशाळांत मुक्काम केले, उत्तर न देणाऱ्या चुलतभावांना पुन्हा पुन्हा पत्रं लिहिली, हे वाचणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. त्याला वाटतं वंशावळ असतेच. कुठेतरी. फक्त तिचा फोटो काढून पाठवायचा.

म्हणून संदेश येतो तो असा: ‘नमस्कार काका. आमच्या फॅमिलीची पूर्ण माहिती पाठवा. अर्जंट.’ खाली नाव नाही. फोटोच्या जागी गणपती. हा गणपती पुण्याचा की पणजीचा, कोणत्या शाखेचा, हे काकांनी ओळखायचं. अण्णा शांतपणे विचारतात, ‘आपण कोण?’ त्यावर उत्तर येतं, ‘मी राजू.’

मदत मागण्याचा पहिला नियम यातून निघतो. आपण कोण, हे आधी सांगावं. ते सांगायला आजोबांचं पूर्ण नाव लागतं, आणि तिथे पहिलं संकट उभं राहतं. ‘आजोबांना सगळे तात्या म्हणायचे.’ मराठी घराण्यांत दर पिढीला एक तात्या, एक नाना, एक अण्णा, एक बापू आणि एक भाऊ असतो, आणि त्या भाऊला त्याची स्वतःची मुलंही भाऊच म्हणतात. कागदावरचं नाव काढलं तरी सुटका नाही. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. त्यामुळे गणेश रामचंद्र, त्यांचा मुलगा रामचंद्र गणेश, त्यांचा मुलगा पुन्हा गणेश रामचंद्र, असा पाळणा दोनशे वर्षं हलत राहतो. चुलत शाखेतही त्याच आजोबांचे नातू असल्यामुळे तिथेही एक गणेश असतोच. एका काळात, एका गावात, एका आडनावाचे चार गणेश. ‘माझे पणजोबा गणेश’ एवढ्यावर अण्णा फार तर आरती म्हणू शकतात.

तेव्हा अण्णांना फोन करण्याआधी घरात फोन करावा. प्रत्येक घरात नव्वदीची एक आत्या असते. तिला कालचं जेवण आठवत नाही, पण १९५२ च्या लग्नात कोण रुसलं, कुणाच्या बाजूने रुसलं आणि त्या बाजूशी नातं काय, हे सगळं मुखोद्गत असतं. आत्याला कुणी विचारत नाही, कारण ती लवकर थांबत नाही. मग माळ्यावर चढावं. तिथे शाळा सोडल्याचे दाखले असतात, पत्रिका असतात, जुन्या फोटोंच्या पाठीवर शाईने लिहिलेली नावं असतात. आणि भांडी असतात. आपल्या लोकांनी ताम्हनावर, तांब्यावर, पितळी डब्यावर नावं कोरून जो इतिहास जतन केला आहे तो कुठल्याही दफ्तरखान्याच्या तोडीचा आहे. कुणाच्या लग्नात, कोणत्या मामाने, कोणत्या साली दिलं, सगळं ठोकून लिहिलेलं. एका बाईंच्या माहेरचं आडनाव आमच्या एकाही कागदावर नव्हतं, ते शेवटी पुरणयंत्रावर सापडलं.

दुसरा नियम: प्रश्न विचारावा. ‘सगळी माहिती पाठवा’ हा प्रश्न नव्हे, हे फर्मान झालं. ‘आमचे आजोबा १९३० च्या सुमाराला गुहागरकडून मुंबईला आले, त्यांच्या वडिलांचं नाव आम्हाला मिळालं आहे, त्यांना भाऊ किती होते हे तुमच्या नोंदीत आहे का?’ हा प्रश्न. असा प्रश्न आला की अण्णा चहा निवू देतात आणि ट्रंक ओढतात. आणि एका वेळी एकच विचारावा. ‘जाता जाता गोत्राचं आणि पेशव्यांशी आपलं काही नातं होतं का तेही बघा’ हे त्याला जोडू नये.

या बाबतीत मला सर्वांत चांगले विचारणारे भेटले ते मॉरिशसचे. १८३४ पासून मजुरीच्या करारावर माणसं त्या बेटावर नेली गेली, त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मंडळीही होती. त्यांच्या नोंदी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. तिथला माणूस येतो तो पूर्वजाचा क्रमांक, जहाजाचं नाव आणि उतरल्याचं वर्ष घेऊन. अडतं फक्त गावाच्या नावावर. कोकणातल्या माणसाने सानुनासिक उच्चारात सांगितलेलं गाव परक्या कारकुनाने त्याला ऐकू आलं तसं रोमन लिपीत उतरवलेलं असतं, आणि ते वाचताना रत्नागिरी जिल्ह्यातली अर्धा डझन गावं एकदम हात वर करतात. पण तो माणूस म्हणतो, ‘एवढं आम्ही केलंय, पुढचं आम्हाला कळत नाही.’ या एका वाक्यासाठी अण्णा रात्री जागतात. दादरहून येणारं वाक्य वेगळं असतं: ‘एवढं तुम्ही करा, पुढचं आम्ही बघू.’

आता मोडी. मोडी वाचणारा स्वयंसेवक ही तर संरक्षित प्रजातीच म्हणायला हवी. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा सगळ्या महाराष्ट्राला अचानक कळलं की आपले आजोबा जे सहज लिहीत ते वाचणारी माणसं आता हुडकून आणावी लागतात. एरवी मोडीवाल्यांची आठवण निघते ती घर पाडताना भिंतीतून कागद निघाले तर. मग फोटो येतात. अर्धा कागद सावलीत, उरलेल्या अर्ध्यावर काढणाऱ्याचा अंगठा, आणि खाली ओळ: ‘यात काय आहे? बहुतेक सनद असावी.’

सनद नसते. मी अण्णांच्या मोडीवाल्या मित्रांकडे बसून पाहिलं आहे, बहुतेक वेळा गूळ, तूप, सुपारी असते. नाहीतर कर्जरोखा असतो आणि त्यात आपले पूर्वज घेणाऱ्या बाजूला असतात. हे सांगितलं की कागद पाठवणारे नाराज होतात, आणि ते कर्ज काढणाऱ्यावर होत नाहीत, वाचणाऱ्यावर होतात. ‘दुसऱ्या कुणाला तरी दाखवतो,’ म्हणतात. घराण्यात ऐकत आलेली गोष्ट वेगळी असते ना. आमचे मूळ पुरुष पानिपतावर गेले, असं निदान प्रत्येक दुसरा माणूस सांगतो. ते सगळे १४ जानेवारी १७६१ ला खरोखरच रणांगणावर असते तर अब्दालीची पुढे यायची हिंमत झाली नसती. कुणाचा तरी पूर्वज त्या दिवशी सासवडला दुकान उघडून बसलेला असणारच की. नियम असा, की जे निघेल ते घ्यावं. स्वयंसेवकाचं काम कागद वाचून दाखवण्याचं आहे, पूर्वजाला बढती देण्याचं नाही.

आणि ‘तारीख काय लिहिलीय तेवढं सांगा’ हे ‘तेवढं’ फार फसवं. कागदावर तारीख नसते, ‘खमस सितैन मया व अलफ’ असं असतं. हा अरबी आकड्यांत बोलणारा शुहूर सन, म्हणजे ११६५. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो, १७६४-६५. शक असेल तर ७८ मिळवायचे, वर्षअखेरच्या महिन्यांत ७९. फसली असेल तर आणखी तिसराच हिशेब. मग चंद्राची तारीख, तिथी, वार जुळवायचे. एवढं होईपर्यंत पलीकडून निळी खूण झालेली असते आणि संदेश येतो, ‘झालं का काका?’

या ‘झालं का’चाही एक शिष्टाचार आहे. पुण्याच्या दफ्तरखान्यात पेशवाईचे कोट्यवधी कागद आहेत. त्यांतून निवडक कागदांचे ४५ खंड काढायला रियासतकार सरदेसायांना मदतनीस हाताशी असूनही १९३० ते १९३४ एवढा काळ लागला. आमच्या अण्णांना ते गुरुवारपर्यंत सांगतात, कारण शुक्रवारी ती मंडळी महाबळेश्वरला जाणार असतात. अण्णांना गुडघे आहेत, नात आहे, पेन्शनीचा हयातीचा दाखला आहे. त्यांना महिन्याने एकदा विचारावं, आणि विचारताना काहीतरी नवं द्यावं. ‘आत्याकडून आणखी दोन नावं मिळाली, उपयोग होईल का?’ अशी आठवण कुणालाही आवडते. रोज सकाळी सूर्योदयाचं चित्र आणि सुविचार पाठवणं ही आठवण करून देण्याची पद्धत नाही, तो छळ आहे.

घाई खरी असते तिथे मात्र कुणी कुरकुरत नाही. ओबीसी उमेदवाराला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा हवा असतो, प्रवेशाची मुदत डोक्यावर असते, पोरगं रडकुंडीला आलेलं असतं. अशा वेळी गावात राहणारा आमचा एक चुलतभाऊ स्वतःची मळणी टाकून तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जातो, गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुक काढायला लावतो आणि धूळ खात त्या मुलाच्या पणजोबांच्या जन्माची नोंद शोधतो. ती मोडीत निघाली तर मोडीवाल्यांना रात्री साडेदहाला फोन जातो आणि ते उचलतात. म्हणूनच तर न्यू जर्सीच्या चित्रकलेसाठी ‘अर्जंट’ हा शब्द वापरू नये. तो ज्याचा आहे त्याच्यासाठी शिल्लक राहायला हवा.

आता पैशांचं बोलू, कारण आपण मराठी माणसं ते बोलणं टाळतो. दोन टोकं आहेत. पहिलं टोक, ‘काका, तुमचा चार्ज काय?’ हे ऐकून अण्णा दोन दिवस जेवत नाहीत. दुसरं टोक, काहीच न बोलणं. अण्णा तहसीलला एसटीने जातात, शंभर पानांच्या झेरॉक्स काढतात, टपालाने पाठवतात, आणि घेणारा म्हणतो, ‘पानं जरा पुसट आलीत.’ यातला मधला मार्ग आपल्या परंपरेतच आहे. खर्च विचारू नये, अंदाजाने पाकिटात घालून द्यावा. समोरचा ‘राहू द्या हो’ म्हणेल. पुन्हा द्यावा. तो ‘छे छे, कशाला’ म्हणेल. तिसऱ्यांदा पाकीट टेबलावर ठेवून विषय बदलावा. पहिल्याच ‘राहू द्या’ला पाकीट खिशात परत घालणारी जी नवी पिढी आहे, तिचं शिक्षण कुठेतरी कमी पडलं आहे. तेही नको असेल तर कुलवृत्तांताची एक प्रत विकत घ्यावी. वर्गणी भरून छापलेल्या त्या प्रतींचे गठ्ठे अण्णांच्या दिवाणात आहेत आणि पाहुणे त्यांच्यावर झोपतात.

काही मागण्या मात्र करूच नयेत. ‘त्या धाकट्या काकांचं नाव काढा, आमचं त्यांच्याशी बोलणं नाही.’ वंशावळीतून बाहेर पडायला वाटणीपत्र चालत नाही. ‘दुसऱ्या लग्नाचं लिहू नका.’ मग त्या दुसऱ्या लग्नाचे तुम्ही नातू, तुम्हाला कुठे लिहायचं? ‘मुलींची नावं कशाला, त्या दुसऱ्या घरी गेल्या.’ जुन्या लोकांनी हाच विचार केला, आणि म्हणून आज निम्म्या घराण्यांत अशा बायका आहेत ज्यांचं माहेरचं नाव लग्नात बदललं आणि सासरचं नाव कुणी लिहिलं नाही. नोंदीत उरते ती ‘पत्नी’. चार मुलगे, तीन मुली, एक ‘पत्नी’. उलट दिशेचाही एक नियम आहे. हयात माणसांचे जन्मदिनांक, फोन, दत्तकाचे तपशील अण्णांनी विश्वासाने दाखवले, तर ते कुलाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नयेत. तिथे ते पूर्वज म्हणून वाचले जात नाहीत, स्थळ म्हणून वाचले जातात.

आणि मिळाल्यावर कळवावं. दोन हात जोडलेल्या चित्राने नव्हे. काय जुळलं, काय जुळलं नाही, पुढे काय सापडलं, हे कळवावं. अण्णांना खरा त्रास होतो तो इथे. त्यांनी शोधून दिलेले सात पिढ्यांचे धागे घेऊन माणूस गडप होतो आणि पुढच्या कुलसंमेलनात दिसतो तो थेट मंचावर, रंगीत फलकासह. वर ठळक अक्षरांत ‘संशोधन व संकलन’, खाली राजू.

मग अण्णांनी एक युक्ती केली. त्यांनी तीर्थोपाध्यायांची वही परत आणली. आता कुणी काही मागितलं की ते उत्तराआधी एक कोरा फॉर्म पाठवतात: तुमचं, तुमच्या भावंडांचं, त्यांच्या मुलांचं नाव, जन्मसाल, सुनांची माहेरची आडनावं, आई-वडिलांची पुण्यतिथी. हीच दक्षिणा. शिवकालातला मूळ पुरुष मागणारे निम्मे लोक या फॉर्मवरच गळतात, कारण त्यांना सख्ख्या पुतण्याचं जन्मसाल बायकोला विचारावं लागणार असतं.

पण फॉर्म भरून पाठवणाराही निघतो. असा एक तरुण आला. फॉर्म पूर्ण, सोबत भांड्यांवरच्या अक्षरांचे स्वच्छ फोटो, आत्याच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण, प्रश्न एकच. शिवाय नम्रपणे लिहिलेली एक ओळ: आपल्या छापील वृत्तांतात पान अमुकवर जी मुलगी ‘बालवयात वारली’ असं आहे ती माझी पणजी, ती त्र्याऐंशी वर्षं जगली, सोबत दाखला जोडला आहे. अण्णा इतके खूश झाले की त्यांनी तो कागद स्वयंपाकघरात नेऊन काकूंना वाचून दाखवला. एक बाई जिवंत झाली, तिच्यामागे एक अख्खी शाखा आली. त्याच आठवड्यात त्याला आमच्या कुलमंडळाच्या समितीवर घेतलं, आणि विदर्भ व परदेश या दोन्ही शाखा त्याच्याकडे सोपवल्या. चांगल्या वागणुकीची शिक्षा आपल्याकडे लगेच मिळते.

परवा त्याचाच फोन आला. आवाज थकलेला. म्हणाला, ‘दादा, एकाने आजोबांचं नाव ‘पप्पांचे पप्पा’ असं भरून पाठवलंय आणि उद्यापर्यंत पेशवाई मागतोय. अण्णांनी हे इतकी वर्षं कसं केलं हो?’

मी म्हटलं, ‘ते दिवाणातल्या प्रती मोजत बसतात. तुला किती पाठवू?’